परत पाठवलेली फेसाळ लाल

नायगाऱ्याला जाऊन आलेल्या मराठी माणसाकडे धबधब्याचे फोटो असतात. निळा रेनकोट, मागे पांढरं धुकं, डोळे अर्धे मिटलेले. माझ्याकडे तसा एकही फोटो नाही. आम्ही धबधब्याच्या बऱ्याच अलीकडे, जॉर्डन नावाच्या छोट्या गावात थांबलो, दोन दिवस वाइन प्यायलो आणि भांडून परत आलो. ते भांडण अजून पुरतं मिटलेलं नाही. त्यामुळे हे सगळं मी शांतपणे लिहिते आहे असं कुणी समजू नये.

ओकव्हिल ते जॉर्डन

मी कॅनडात, रेजिनाला शिकते. ऑक्टोबरच्या लाँग वीकेंडला समीरदादाकडे टोरांटोजवळच्या ओकव्हिलला आले होते. समीरदादा माझा मावसभाऊ, सॉफ्टवेअरमधला, आणि मृणालवहिनी त्याची बायको. मला भेटायला बोलावलं होतं हे खरं, पण दादाने नुकताच वाइनचा वीकेंड कोर्स केला होता आणि त्याला विद्यार्थी हवा होता हेही खरं.

"केतकी, या खेपेला तुला वाइन कशी प्यायची ते शिकवतो," हायवेला लागल्यावर तो म्हणाला. "नाशिकची असून काही कळत नाही म्हणजे कमाल आहे."

"नाशिकचे लोक चिवडा खातात," वहिनी म्हणाली. "वाइन मुंबईचे येऊन पितात."

बर्लिंग्टनच्या उंच पुलावर चढलं की एका बाजूला हॅमिल्टनच्या पोलाद कारखान्यांच्या चिमण्या दिसतात आणि दुसऱ्या बाजूला समुद्र वाटावा असं तळं. पूल उतरला की उजवीकडे झाडीने भरलेला एक लांबलचक कडा सोबत चालू लागतो. कडा आणि तळं यांच्या मधल्या अरुंद पट्टीत द्राक्षं होतात. तळ्यातलं पाणी उन्हाळ्याची ऊब धरून ठेवतं, म्हणून एवढ्या थंड देशात वेली तग धरतात. रेजिनाच्या सपाट गव्हातून आलेल्या मला ती पट्टी बघून घर आठवलं. पण आमच्याकडे वेली डोक्यावरच्या मांडवावर चढवतात आणि खालून माणसं चालतात. इथे त्या कमरेएवढ्या तारांवर, शाळेच्या प्रार्थनेसारख्या रांगेत उभ्या होत्या.

रस्त्याकडेच्या टपरीवर काळी द्राक्षं विकायला होती. परडीवर वाकले तर आपल्याकडच्या ज्यूसच्या काळ्या द्राक्षांचाच, बंगलोर ब्ल्यूचा, दाट गोड वास. दाबलं की साल वेगळी आणि गर वेगळा. मी एक परडी घेतली. दादाने नाक मुरडलं. "ही जेलीची द्राक्षं. यांची वाइन म्हणजे जोक असतो."

जॉर्डन, शनिवारचं जेवण

रेस्टॉरंट एका जुन्या दगडी गोदामात होतं. शनिवार म्हणून वहिनीने मश्रूमचा पास्ता मागवला, दादाने बदक, मी पण बदक. कुठली वाइन घ्यावी यावर वेट्रेस म्हणाली की जवळच्याच एका मळ्यातली फेसाळ लाल आहे, थंड असते, बदकाच्या चरबीबरोबर छान जाते. लोकल म्हटल्यावर दादा लगेच हो म्हणाला.

बाटलीवर साधा पांढरा कागद चिकटवलेला होता आणि तिला बूच नव्हतं. सोड्याच्या बाटलीला असतं तसं पत्र्याचं झाकण होतं, ते तिने ओपनरने टक् करून काढलं. दादाच्या कपाळाला तिथेच पहिली आठी पडली. ग्लासात जांभळा फेस वर आला आणि लगेच खाली बसला. खाली राहिलं ते जांभळाच्या रसासारखं गडद, किंचित गढूळ.

मी एक घोट घेतला. थंड, आंबट, करवंदासारखी चव. गोड अजिबात नाही. शेवटी हलकासा कडवटपणा, जांभळाच्या बीला दात लागल्यावर येतो तसा. मग बदकाचा घास घेतला आणि पुन्हा घोट घेतला तेव्हा तोंड एकदम स्वच्छ झालं. माशाच्या जेवणात सोलकढी करते तेच काम ही इथे करत होती. मला फार आवडली.

दादा ग्लास गोल फिरवत होता. फेस असलेली वाइन फिरवली की ती वर येते. त्याच्या बोटांवर आली.

"ही गेलीय," तो म्हणाला.

"गेलीय म्हणजे?"

"बिघडलीय. बाटलीत परत आंबलीय. रेड वाइनमध्ये बुडबुडे हा फॉल्ट असतो, आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं. आणि हा गाळ बघ खाली."

"मला मघाशीच वास आला," वहिनी म्हणाली.

"पण ती स्पार्कलिंग म्हणालीच होती," मी म्हटलं.

"स्पार्कलिंग वेगळी. ती पांढरी असते, फार तर गुलाबी. तू राहू दे."

मॅनेजर आला. उंच, वाकून बोलणारा, काळा एप्रन घातलेला माणूस. दादाने ऑफिसच्या मीटिंगचा आवाज काढला आणि आपण कोर्स केल्याचं सांगितलं. मला वाटलं, आता हा सांगेल की ही अशीच असते. तो म्हणाला, "माफ करा. हिच्याबद्दल तक्रारी येतात खऱ्या." आणि जवळजवळ भरलेली बाटली उचलून घेऊन गेला. बदल्यात दुसरी लाल आली, बूचवाली, कोमट, जिचं मला आता काहीही आठवत नाही.

"बघ," दादा म्हणाला, "इथे बोलायला शिकलं पाहिजे. तू अशीच गप्प बसलीस तर पीआर मिळून इथे कायमची राहिलीस तरी गप्पच बसशील."

वहिनी हसली. मी पण हसले. माझा ग्लास त्यांनी नेलाच होता.

लुचानाबाईंचा मळा

रविवारी दुपारी एका मळ्यात जेवणाचं बुकिंग होतं. वहिनीने ते घरगुती इटालियन जेवण म्हणून केलं होतं. चार-पाच टेबलं, शेडमध्येच स्वयंपाकघर. मळा लुचाना नावाच्या बाईंचा. सत्तरीच्या, ठेंगण्या, पायात रबरी बूट, केस स्कार्फमध्ये बांधलेले. त्यांची मुलगी पाओला टेबलं सांभाळते. ती माझ्यापेक्षा बरीच मोठी, पण पहिल्या पाच मिनिटांत माझ्याशी मैत्रिणीसारखी बोलायला लागली. माझ्याशी असं कुणी बोललं की मी मिटून जाते, पण तिच्यापुढे ते जमलं नाही.

टेबलावर तीच बाटली होती. तेच पत्र्याचं झाकण, तोच साधा पांढरा कागद. मी दादाकडे पाहिलं. त्यानेही ती पाहिली होती. तो छताच्या तुळयांकडे बघत "नाइस बीम्स" म्हणाला.

लुचानाबाईंनी मोठ्या वाटग्यांत गरम सूप आणलं. कोंबडीचा पातळ, सोनेरी रस्सा, त्यात बोटाच्या पेराएवढी सारण भरलेली कणकेची टोपडी. मग त्यांनी बाटली उघडली आणि काहीही न विचारता सरळ माझ्या सुपात ओतली.

वहिनीने माझा हात धरला. "अगं, चुकून ओतली वाटतं."

चुकून नव्हतं. रश्शावर गुलाबी फेस आला, वाफेला आंबूस वास आला आणि बाई म्हणाल्या, "आधी वाटगा उचलून पी. चमचा नंतर." मी प्यायले. तेलकट, खारट, आंबट आणि ऊनऊन. आमच्याकडे ताकाची कढी भुरके मारत पितात, तसं इथे वाटगा तोंडाला लावतात. त्यांच्या गावाकडे थंडीत जेवणाची सुरुवात अशीच होते. पाओला म्हणाली, "पाहुण्यांना आम्ही आधी विचारायचो. सगळे नाही म्हणायचे. म्हणून आईने विचारणं बंद केलं."

लुचानाबाईंचं गाव इटलीच्या उत्तरेकडच्या मैदानात, मोदेनाच्या बाजूला. तिथली ही फेसाळ लाल म्हणजे लाम्ब्रुस्को. तिथे पूर्वी वेली झाडांवर चढवत. पानगळीत दाबलेला रस थंडी पडली की आंबायचा थांबतो, थोडी साखर शिल्लक राहते. तसाच बाटलीत भरायचा. वसंतात ऊन लागलं की बाटलीतलं किण्व, म्हणजे यीस्ट, जागं होतं, उरलेली साखर खातं आणि फेस करतं. गाळ म्हणजे तेच किण्व, काम संपवून तळाशी बसलेलं. डुकराच्या मांसाच्या, चीजच्या जड जेवणाला अशीच आंबट आणि कोरडी वाइन लागते. पुढे परदेशी लोकांसाठी तिची गोड नक्कल बाटल्या भरभरून निघाली. ती जगभर स्वस्तात गेली, आणि मूळ वाइनचंच नाव खराब झालं.

"इथेही तेच," पाओला म्हणाली. रस्त्याकडेची ती जेलीची द्राक्षं, त्यांच्यापासून या भागात एके काळी गोड, गुलाबी, बुडबुड्यांची वाइन होत असे. लग्नात, वाढदिवसाला, घरोघरी तीच. मग लोक शहाणे झाले, फ्रेंच नावं शिकले, त्या जुन्या वेली उपटल्या गेल्या आणि ती आपण कधी प्यायलो होतो हे मान्य करायला कुणी तयार होईना. "आता लाल रंगात बुडबुडे दिसले की यांना आपली लाज आठवते. शिक्षा आमच्या बाटलीला."

लुचानाबाईंना इटलीहून वेली आणता आल्या नाहीत. इथली थंडी सोसणारं बाको नावाचं काळं संकरित द्राक्ष त्यांनी लावलं. ते आंबट म्हणून इतरांना नको होतं, त्यांना आंबटच हवं होतं. बाटल्या हिवाळाभर बेसमेंटमध्ये झोपतात आणि मे महिन्यात बाई त्या गॅरेजच्या उन्हाच्या बाजूला नेऊन ठेवतात.

"म्हणजे आपल्या इडलीच्या पिठासारखंच की," वहिनी हळूच मला म्हणाली. ती ओव्हनचा दिवा लावून पीठ ठेवते आणि सकाळी भांड्याबाहेर आलं की सगळ्यांना फोटो पाठवते. तिने वाटग्यात बघितलं.

दादा मात्र खुलला होता. त्याने आपल्या सुपात स्वतःच वाइन ओतली, दोनदा. "फँटॅस्टिक," तो म्हणाला. "ही टोरांटोत कुठे मिळते?"

"कुठेच नाही," पाओला म्हणाली. "गावातल्या एका रेस्टॉरंटच्या यादीत होती. आज सकाळी त्यांचा फोन आला, काढतोय म्हणून. काल कुणीतरी बाटली परत पाठवली. वाइनचा कोर्स केलेला माणूस होता म्हणे, त्याने बिघडलेली आहे असं सांगितलं."

मी वाटग्याच्या काठाकडे बघत राहिले.

"आई इथे आलेल्यांना पाजतेच. पण आपल्या डोळ्यांआड, अनोळखी माणसांनी मागवून प्यायची ती एकच जागा होती. मी आईला आधीच सांगून ठेवलं होतं, तीही गेली तर पुढच्या वर्षी बाकोची द्राक्षं मोठ्या कंपनीला देऊन टाकू. ते इतर रसात मिसळतात. मग ही वाइन बंद."

लुचानाबाई पलीकडे भांडी रचत होत्या. त्यांनी ऐकलं आणि पुढचं भांडं उचललं.

आणि दादा, माझा मावसभाऊ, सुपाचा वाटगा हातात धरून इंग्रजीत म्हणाला, "सो सॅड. लोकांना वाइनमधलं काही कळत नाही."

रागाने कान गरम होतात हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्या दिवशी कळलं की ते खरंच होतं. वहिनी खाली बघत होती. दादाने सहा बाटल्यांचा खोका घेतला, पाओलाशी हात मिळवला आणि बाईंना इटालियनमध्ये "ग्रात्सिए", धन्यवाद, म्हणाला.

गाडीपाशी

खोका डिकीत ठेवताना मी म्हटलं, "दादा, आत जाऊन सांग."

"काय सांगू?"

"की तो माणूस तू होतास."

"वेड लागलंय का? सहा बाटल्या घेतल्या ना. झाली भरपाई."

"त्यांना तुझ्या सहा बाटल्या नकोयत. त्यांना ते यादीतलं नाव हवंय."

"हे बघ, मला तिथे कुणी सांगितलं का, ही अशीच असते म्हणून? चूक रेस्टॉरंटची आहे."

"मग रेस्टॉरंटमध्ये जाऊन तेच सांग."

"समीर," वहिनी म्हणाली, "ती काही चुकीचं..."

"तू पाहुणी आलीयस, केतकी," दादा मला म्हणाला. "दोन दिवस मजेत राहा."

पाहुणी हा शब्द असा वापरता येतो हे मला माहीत नव्हतं. मी मागच्या सीटवर बसले, पट्टा लावला. वाटेत गाव लागलं तेव्हा म्हटलं, "मला वॉशरूमला जायचंय. त्या रेस्टॉरंटपाशी थांबव."

आरशात त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं. तरी गाडी थांबली, कारण कॅनडात वॉशरूमला नाही म्हणत नाहीत. त्याने इंजिन चालूच ठेवलं.

मी उतरले आणि मागून दुसरं दार वाजलं. वहिनी होती. "मला पण जायचंय," ती म्हणाली.

पुन्हा ते गोदाम

मॅनेजर गल्ल्यापाशी काटे-चमचे पुसत होता. माझा आवाज अशा वेळी फार बारीक होतो. तो पुढे वाकला.

"कालची फेसाळ लाल आम्ही परत पाठवली होती," मी म्हटलं. "सॉरी. ती बिघडलेली नव्हती. आम्हाला ती माहीत नव्हती."

"काही हरकत नाही," तो म्हणाला.

"हरकत आहे. तुम्ही ती यादीतून काढली."

त्याने हातातला काटा खाली ठेवला. "खरं सांगू? मी स्वतः घरी तीच पितो. पण गिऱ्हाईक म्हणालं बिघडली, की मी वाद घालत नाही. आमचं धोरण आहे ते."

मी दादावर चिडले होते, पण त्या क्षणी या माणसावर जास्त चिडले. दादाला माहीत नव्हतं. याला माहीत होतं. ही वाइन कशी असते, का असते, कुणी केली, सगळं माहीत असून त्याने मान झुकवून "तक्रारी येतात खऱ्या" म्हटलं होतं. या देशातलं हे गुळगुळीत सौजन्य मला पहिल्यांदा इतकं जवळून दिसलं. कुणाला दुखवायचं नाही, म्हणून समोर नसलेल्या माणसाला बुडवायचं.

"वाद नका घालू," मी म्हटलं. "बाटली आणताना एक वाक्य सांगा. फेस येतो, गाळ असतो, थंड प्या. एवढंच. काल कुणी सांगितलं असतं तर आम्ही प्यायलो असतो."

"यू नो इडली?" वहिनी मध्येच म्हणाली. त्याला माहीत नव्हती. तिने त्याला पीठ कसं आंबवतात ते इंग्रजीत सांगायला सुरुवात केली. डाळ, तांदूळ, ओव्हनचा दिवा, भांड्याबाहेर येणं. मधेच थांबून म्हणाली, "माझ्या घरी येऊन कुणी ते पीठ नासलंय म्हणालं, तर मी त्याला घराबाहेर काढीन. काल मीच म्हणाले वास येतोय म्हणून. माझा नवरा गाडीत बसलाय. त्याला यायची लाज वाटते."

मॅनेजर हसला नाही, याबद्दल त्याला एक गुण. "ठीक आहे," तो म्हणाला. "यादीत राहू दे. खाली एक ओळ लिहितो."

आम्ही बाहेर आलो. गाडी हायवेला लागली, हॅमिल्टनच्या चिमण्या दिसल्या. मग दादा म्हणाला, "वॉशरूमचं कारण सांगितलंस."

"हो."

"सरळ सांगायचं."

"सरळ सांगितलं होतं."

रेजिना

परत आल्यावर आठवड्याभरात पाओलाचा मेसेज आला. निघताना तिने माझा नंबर घेतला होता. यादीचा फोटो होता. वाइन होती. तिच्या नावाखाली लहान अक्षरांत लिहिलं होतं की ही वाइन गढूळ आणि फेसाळ असते, ती बिघडलेली नाही. मी तो फोटो हॉस्टेलमधल्या मैत्रिणींना दाखवला. ही ओळ माझ्यामुळे आली असंही सांगितलं, आणि असं काही सांगायची मला सवय नाही.

मग पाओलाचा फोन आला. ती हसत होती, पण धापा टाकल्यासारखी. तिच्या आईने ती यादी पाहिली होती. पाहिली आणि थेट बूट घालून, ऐन जेवणाच्या गर्दीत, रेस्टॉरंटमध्ये गेली. मॅनेजरला विचारलं, बाकीच्या वाइनखाली ती बिघडलेली नाही असं लिहिलंय का? माशाखाली लिहिलंय का? तुझ्या नावाखाली लिहिलंय का? ओळ खोड, नाहीतर नाव खोड. तो यादी नंतर छापून घेतो म्हणाला. बाई तिथेच खुर्ची ओढून बसल्या, आणि नवी यादी छापून टेबलांवर जाईपर्यंत उठल्या नाहीत. आता तिथे नुसतं वाइनचं नाव आहे, इतर नावांसारखं. माहिती वेट्रेस तोंडी सांगते. बाकोची द्राक्षं पुढच्या वर्षी कंपनीला जाणार नाहीत.

"आणि आईने तुला निरोप दिलाय," पाओला म्हणाली. "मॅनेजरने सगळं सांगितलं, बाटली तुझ्या भावाने परत पाठवली आणि तू वाइनसाठी सॉरी म्हणालीस. आई म्हणते, वाइनसाठी कशाला? वाइनने काय केलं होतं? सॉरी तुझ्या भावाचं होतं. त्यानेच येऊन म्हणायचं."

मला आधी बाईंचाही थोडा राग आला. मी गेले तरी होते. मग फोन ठेवला आणि तो निरोप मराठीत, शब्दही न बदलता, दादाला पाठवला. त्याने वाचल्याचं दिसतंय. उत्तर अजून आलेलं नाही.